आजोळी शिरपूरला गेलो आणि दाब उतरवायला शिकलो

वाचकहो, आजोळी जायला कारण लागत नाही, असे आपण म्हणतो. पण घरदार, गुरेढोरे आणि कपाशी मागे लागली की वर्षानुवर्षे आजोळचा उंबरा दिसत नाही. माझेही तसेच झाले होते. या खेपेला मात्र मी शिरपूर तालुक्यातल्या माझ्या आजोळी गेलो तो कारण घेऊनच. ते कारण माझ्या सदऱ्याच्या खिशात होते. आरोग्य केंद्राच्या कागदावर दोन आकडे लिहिलेले होते, १४८ आणि ९४.

झाले असे, की पोळ्यानंतर आमच्या गावात तपासणीचे शिबिर आले. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी यावे, असे आशाताई दारोदार सांगून गेल्या. मी पन्नाशीला टेकलेला. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, धान्याचे पोते पाठीवर घेऊन माडी चढतो. मला काय होणार? चार लोकांबरोबर गेलो, हात पुढे केला, आणि आकडे ऐकून तिथेच बाकावर बसलो.

पंधरा दिवसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात पुन्हा मोजले. १४६ आणि ९२ भरले. डॉक्टरांनी साखर पाहिली, लघवी तपासली, हृदयाचा आलेख काढला. बाकी सारे ठीक निघाले. मग ते म्हणाले, "काका, दाब थोडा वाढलेला आहे, फार नाही. तुम्हाला दुसरा आजार नाही, म्हणून तीन महिने देतो. मीठ कमी करा, वजन उतरवा, चाला, झोपा, तंबाखू सोडा. तीन महिन्यांनी वरचा आकडा १४० च्या आणि खालचा ९० च्या आत आला तर उत्तम. नाही आला तर गोळी सुरू करू. पण मधे महिन्याला मोजायला यायचे."

घरी आल्यावर मंडळींनी कागद पाहिला आणि एवढेच म्हटले, "शिरपूरच्या मामांकडे जाऊन या. त्यांचा दाब असाच होता ना?"

धुळ्याहून उत्तरेकडे

धुळ्याला शिरपूरची एस.टी. मिळायला फार वेळ लागत नाही. पांझरा ओलांडली, देवपूर मागे पडले की मुंबई-आग्रा रस्ता सरळ उत्तरेला धावतो. सोनगीर येते. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे हे जुने गाव, डोक्यावर किल्ला. पुढे नरडाणा, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन. आणि मग सावळद्याचा पूल. या पुलावर आलो की लहानपणी आई आम्हाला तापीमाईला हात जोडायला लावायची. या खेपेला कोणी सांगणारे नव्हते, तरी हात आपोआप जुळले. भादव्यातले पाणी दोन्ही थड्यांना लागले होते.

तापी ओलांडली की शिरपूर तालुका. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, तिच्यातून बिजासनीचा घाट चढून रस्ता सेंधव्याकडे मध्य प्रदेशात उतरतो. मधल्या पट्ट्यात कपाशी, केळी, पपई. शिरपूर गाव अरुणावतीच्या काठी वसलेले. माझ्या लहानपणचे शिरपूर म्हणजे बाजाराचा दिवस, बैलगाड्या आणि शेंगदाण्याचा लाडू. आता तिथे महाविद्यालये, वसतिगृहे, दुकानांच्या रांगा आहेत. गावाबाहेर पडून रिक्षाने सातपुड्याच्या दिशेने निघालो, आणि अंधार पडायच्या आत मामांच्या ओसरीवर टेकलो.

"ये भाचा, बठ. पहिले पाणी पे," मामा म्हणाले. मामा आता बहात्तरीचे. अंगाने सडपातळ, पाठ ताठ. मी खिशातला कागद काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि हसले. "मन्हा यान्हापेक्षा जास्त व्हता," म्हणाले. माझा यापेक्षा जास्त होता.

मामीचे मिठाचे भांडे

वाचकहो, आपल्या खान्देशची जेवणे तुम्हाला सांगायला नकोत. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, शेवभाजी, आणि ताटाच्या कडेला पापड, बिबडे, लोणचे. त्या रात्री मामींनी भाकरी, मुगाची डाळ, गिलक्याची भाजी, कांदा आणि ताजे ताक वाढले. पापड नव्हता. लोणच्याची बरणी फळीवर होती, पण ताटात आली नाही. पहिला घास मला अळणी लागला. तिसऱ्या-चौथ्या घासाला भाकरीची स्वतःची गोडी लागायला लागली.

मामी म्हणाल्या, "मीठ कमी टाकं ते ह्या चार दिन मन्हासंगे बोलनात नही." मीठ कमी टाकले तर हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत! मामा खाली मान घालून जेवत होते.

मामींनी ते एकदम केले नव्हते. पहिल्या आठवड्यात भाजीतले मीठ चिमूटभर उतरवले, पुढच्या आठवड्यात आणखी चिमूटभर. भाकरीच्या पिठात मीठ घालणे बंद केले. तोंडाची चव महिना-दीड महिन्यात बदलते, आणि मग पूर्वीचे जेवणच खारट लागते. मिरची त्यांनी सोडली नाही. दाब वाढवते ते मिरचीतले तिखट नव्हे, तिच्याबरोबर वाटलेले मीठ. ठेच्यात लिंबू आणि लसूण वाढवला, मीठ घटवले.

आता हिशेब ऐका, कारण हा हिशेब घरातल्या बाईला डॉक्टरांपेक्षा लवकर कळतो. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाजी, भाकरी, लोणचे, पापड, फरसाण सगळे आले. घरात पाच मोठी माणसे असली तर दिवसाला पंचवीस ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा चाळीस दिवस चालला पाहिजे. तुमच्या घरी किती दिवस चालतो ते पुड्यावर तारीख घालून पाहा. आमच्या घरी तो वीस दिवसांत संपत होता, आणि वर्षाच्या लोणच्याचे मीठ त्याखेरीज.

पापडात तर दुहेरी मार असतो. मीठ असतेच, शिवाय पापडखार. मिठातले जे सोडियम दाब वाढवते तेच पापडखारात आणि खाण्याच्या सोड्यातही असते. म्हणून पापड रोजचा नको, सणावारी एखादा ठीक. "आम्ही सैंधव वापरतो," असे काहीजण सांगतात. सैंधव हेही मीठच आहे. दाबाच्या बाबतीत त्यात मोठा फरक नाही, आणि आयोडीनही नसते. "शेतकरी घाम गाळतो, त्याला जास्त मीठ लागतेच," हे मीही म्हणायचो. मामांनी डॉक्टरांना तेच विचारले होते. उत्तर असे मिळाले, की रोजच्या कामाच्या घामाला जेवणातले मीठ साधारणपणे पुरते. उन्हात पाणी मात्र भरपूर प्यावे.

मिठाच्या उलट काम करणारे क्षार भाजीपाला, डाळी आणि फळांत असतात. शिरपूर-चोपड्याच्या पट्ट्यात केळीला काय तोटा? मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र केळी किंवा बाजारातले कमी सोडियमचे मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

नाल्यावरचा बंधारा

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मला चालायला घेऊन गेले. रोजचा त्यांचा फेरा ठरलेला. घरापासून नाल्यावरच्या बंधाऱ्यापर्यंत आणि परत, चांगली पाऊण तासाची वाट. मी म्हटले, "मामा, शेतात दिवसभर चालतोच की आपण." मामा म्हणाले, शेतातले चालणे थांबत-थांबत, वाकत-उठत होते. त्याने अंग दुखते, पण छाती लागत नाही. हे चालणे सलग आणि भरभर हवे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतके. आठवड्यातून निदान पाच दिवस, दिवसाला अर्धा तास. सुगी संपल्यावर जे चार महिने आपण पारावर बसून काढतो, तेव्हा तर नक्कीच.

बंधारा काठोकाठ भरला होता. शिरपूर पॅटर्नचे नाव तुम्ही ऐकले असेल. या तालुक्यात विहिरी कोरड्या पडत चालल्या होत्या, कूपनलिका खोल-खोल जात होत्या. निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तालुक्याचे नेते अमरिशभाई पटेल यांच्या पाठबळावर २००४ पासून इथे काम सुरू केले. नाल्यांतला गाळ काढला, नाले रुंद आणि खोल केले, आणि एकामागून एक सिमेंटचे बंधारे बांधले. धावत सुटणारे पाणी थांबले, मुरले, आणि विहिरींना पाणी चढले. त्या काळी दुरून दुरून शेतकरी एस.टी. करून हे बघायला येत.

मामा काठावर बसले. म्हणाले, "भाचा, रगत बी पाणीसारखंच शे." मग त्यांनी सांगितले ते असे. नाला अरुंद झाला, गाळाने भरला, की तेच पाणी जोराने धावते आणि काठ फोडते. आपल्या रक्तवाहिन्याही तंबाखूने आवळतात, वयाने आणि चरबीने ताठ होतात. मिठामुळे अंगात पाणी साठून रक्ताचा भरणा वाढतो. काळजीने हृदय जोरात पंप मारते. नाल्याचे काठ फुटलेले दिसतात. आतले काठ दिसत नाहीत. ते मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडात, हृदयात हळूहळू झिजतात, आणि ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

तुमच्याकडे ठिबक असेल तर आणखी सोपे सांगतो. फिल्टरजवळच्या प्रेशर गेजचा काटा वर गेला की आपण धावत जाऊन झडप फिरवतो. नळी फुटायची वाट पाहत नाही. मग स्वतःच्या अंगाचा काटा वर गेला असताना "मला तर काही होत नाही" म्हणून बसायचे कसे?

ओसरीवरचे शवासन

मामांची खरी शिकवण मात्र तिसऱ्या पहाटे मिळाली. कोंबडा आरवायच्या आधी त्यांनी मला उठवले. ओसरीवर दोन सतरंज्या अंथरल्या होत्या. अर्धा तास काय करायचे, तर नुसते पडायचे! मला हसू आले. पण नुसते पडणे किती अवघड असते ते मला पाच मिनिटांत कळले. पाठ सतरंजीवर होती आणि मन उसनवारीच्या हिशेबात, मोटारीच्या जळालेल्या वायंडिंगमध्ये, धाकट्याच्या फीमध्ये.

रीत अशी. उताणे पडावे. पायांत थोडे अंतर, हात अंगापासून जरा दूर, तळवे वर, डोळे मिटलेले. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून पोटऱ्या, मांड्या, पोट, खांदे, मान, जबडा, कपाळ असा एकेक भाग सैल सोडत यावा. मग श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास घेताना पोट वर यावे, सोडताना खाली जावे. सावकाश घ्यावा, किंचित थांबावे. सावकाश सोडावा, जरा जास्त थांबावे. जोर कुठेही नाही, जीव घुसमटेल असे थांबणे नाही. आत येणारा श्वास नाकपुडीला गार लागतो, बाहेर जाणारा कोमट. त्या गार-कोमटावर मन ठेवावे. मन पळाले तर रागावू नये, पुन्हा आणून बसवावे. झोप लागली तर ती झोप झाली, शवासन नव्हे. उठताना एकदम उठू नये, कुशीवर वळून हाताच्या आधाराने बसावे.

"पाणीले थांबाले शिकाडं, आते मनले शिकाड," मामा म्हणाले. पाण्याला थांबायला शिकवले, आता मनाला शिकव.

अमळनेर, कोल्हापूर, मुंबई

हे मामांनी कोणा बुवाकडून आणलेले नाही. त्यामागे आपल्याच मुलखातला अभ्यास आहे, आणि त्याचा एक धागा शिरपूरपासून फार दूर नसलेल्या अमळनेरपर्यंत जातो.

शंभर वर्षांपूर्वी अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक होते. जन्म १८८३ चा. तरुणांना व्यायामाची गोडी लावणारे, राष्ट्रीय वृत्तीचे. १९१९ साली नर्मदाकाठी मालसर येथे त्यांना माधवदासजी हे योगी गुरू म्हणून भेटले. पण गुरू म्हणतात म्हणून मान डोलवणारा हा शिष्य नव्हता. योगाने शरीरात नेमके काय होते ते यंत्रांनी तपासायचे, असा त्यांनी ध्यास घेतला. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साह्याने त्यांनी पहिले प्रयोग केले. पुढे तेच स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसने करताना रक्तदाबाचे काय होते याचे प्रयोग त्यांनी १९२६ च्या सुमारासच छापले होते.

दुसऱ्याच वर्षी, १९२७ च्या मार्चमध्ये, महात्मा गांधींची प्रकृती कोल्हापूरला एकाएकी बिघडली. दाब चढला होता. दौरा थांबवून त्यांना आधी आंबोलीला आणि मग म्हैसूरकडच्या नंदी डोंगरावर विश्रांतीला नेले. त्या आजारपणात गांधीजींनी आसनांविषयी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला.

तरी सर्वांत मोलाचे काम झाले ते मुंबईला. केईएम रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले, आणि त्याचा अहवाल १९६९ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. वर मी सांगितली ती श्वासाची रीत तीच. रोज अर्धा तास. नीट जमायला तीनेक आठवडे. गोळी न घेणाऱ्या दहा रुग्णांचा सरासरी दाब २७ अंकांनी उतरला. गोळ्या घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांचे प्रमाण बरेच कमी करता आले. सर्वांनाच गुण आला असे मात्र नाही.

हा अभ्यास लहान होता हेही सांगितले पाहिजे. नंतर पुष्कळ अभ्यास झाले. त्यांत योगाने आणि संथ श्वासाने दाब उतरतो हे दिसले, पण उतार इतका मोठा नव्हता. वरचा आकडा साधारण पाचेक अंकांनी खाली येतो. पाच म्हणजे थोडे वाटेल. पण मीठ घटवले की आणखी चार-पाच उतरतात, रोजच्या चालण्याने तितकेच, आणि वजन जास्त असेल तर किलोमागे सुमारे एक. अशी चिल्लर जमवून रुपया होतो. १४६ वरून १३५ च्या आत यायला तेवढे पुरते. १८० वरून यायला पुरत नाही, तिथे गोळी हवीच.

आणखी एक सावधगिरी. दाब वाढलेल्याने शीर्षासन, सर्वांगासन अशी उलटी आसने, श्वास कोंडून धरणे, भस्त्रिकेसारखे जोरजोरात श्वास मारणे या गोष्टी करू नयेत. शवासन, मकरासन, ताडासन, हलक्या हाताने केलेले पवनमुक्तासन आणि श्वास न रोखता अनुलोम-विलोम एवढे पुरे.

सातपुड्याच्या पायथ्याला बाजारात जडीबुटीवालेही बसतात, म्हणून हेही सांगतो. सर्पगंधेच्या मुळीने दाब उतरतो हे खरे आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ते रुग्णांवर पाहून लिहिले आणि जगभर ते औषध गेले. पण मात्रा चुकली तर दाब फार पडतो, आणि मन खचते, उदास होते. अशी मुळी बाजारात घेऊन आपल्या मनाने खाऊ नका.

थाळनेरच्या वाटेवर

निघायच्या आदल्या दिवशी मामा म्हणाले, "चल, थाळनेरला जाऊन येऊ." शिरपूरहून थाळनेर जवळच, तापीच्या काठावर. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर-करवंदची जहागीर दिली आणि खान्देशचे फारुकी घराणे इथून उभे राहिले. त्यांच्या कबरी अजून आहेत. किल्ल्याचे बुरूज तापीकडे ढासळत चालले आहेत. लता मंगेशकरांचेही हे आजोळ.

नदीकाठी बसल्यावर मामा मोठ्या मामांविषयी बोलले. त्यासाठीच त्यांनी मला तिथे आणले होते.

मोठ्या मामांना दाबाची गोळी सुरू होती. सहा महिने घेतली, आकडा बरोबर आला. मग कपाशी वेचणीचे दिवस आले. डोके दुखत नाही, चक्कर नाही, मग गोळी कशाला, असे म्हणून त्यांनी ती बंद केली. कोणाला विचारले नाही. कंबर दुखते म्हणून दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या मात्र रोज आणून खात. त्या गोळ्यांनीही दाब चढतो हे कोणाला ठाऊक होते? एका दुपारी बांधावर बसले ते उठलेच नाहीत. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा. कोणी म्हणाले वारे लागले, कोणी म्हणाले बाहेरचे आहे. उतारा काढण्यात रात्र गेली. दुसऱ्या दिवशी धुळ्याला नेले. पुढे चार वर्षे जगले, पण बैलाचा कासरा त्या हातात पुन्हा आला नाही.

"मी शवासन शिकलो ते त्याच्यामुळे," मामा म्हणाले. "आणि गोळी घेतो तीही त्याच्यामुळे."

मी चमकलो. मामा गोळी घेतात? हो, घेतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचा दाब १५० आणि ९४ होता. मीठ, चालणे, शवासन यांवर त्यांनी दहा वर्षे तो ताब्यात ठेवला. पुढे वय वाढले, रक्तवाहिन्या ताठ होत गेल्या, दाब पुन्हा चढू लागला. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. ती ते रोज सकाळी घेतात, आणि शवासनही करतात. "यात हार कसली? विहिरीला पाणी आहे म्हणून कोणी मोटार काढून टाकतो का?" ते म्हणाले.

त्या वेळी तापीवर ऊन उतरत होते. मी खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि तिथेच कचऱ्यात टाकली. मामा काही बोलले नाहीत.

तीन महिन्यांनंतर

वाचकहो, घरी परतलो तेव्हा खरी कसोटी लागली. आजोळी चार दिवस सगळे जमते. घरी आमच्या फिडरला आठवड्यातले काही दिवस रात्रीची वीज असते. दोनला उठून मोटार लावायची की झोपेचे खोबरे. मी आणि शेजाऱ्याने पाळी लावून घेतली. एका रात्री तो दोन्ही मोटारी पाहतो, एका रात्री मी. तंबाखू दोनदा पुन्हा हातात आली, दोनदा टाकली. पहिल्या महिन्यात आकडा १४२ आणि ९०. दुसऱ्या महिन्यात तिथेच अडला. मी वैतागलो. तिसऱ्या महिन्याला तीन किलो वजन उतरलेले होते, आणि आकडा १३४ आणि ८४ भरला. डॉक्टर म्हणाले, "गोळी आता नको. पण मोजणे सोडायचे नाही."

मोजायचीही रीत आहे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे. हात छातीच्या उंचीवर टेकवावा, मोजताना बोलू नये. दोनदा मोजावे. सायकल मारत येऊन लगेच हात पुढे केला तर आकडा वाढलेलाच येणार.

काही जणांनी तीन महिने थांबायचे नसते, डॉक्टर सांगतील ते लगेच करायचे. मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले; वरचा आकडा १६० च्या पुढे गेलेले; आणि दिवस गेलेल्या बाया. गरोदरपणातला दाब ही वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, जीभ जड होणे, छातीत दुखणे यांतले काहीही दिसले तर १०८ वर फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने मोठे रुग्णालय गाठावे. पहिले काही तासच कामाचे असतात. आमच्या मोठ्या मामांचे तेच तास उताऱ्यात गेले.

बाकीच्यांनी मात्र भिण्याचे कारण नाही. थोडा वाढलेला दाब म्हणजे वेळेवर मिळालेली सूचना. सुरू असलेली गोळी मनाने सोडू नका, नसलेली मनाने सुरू करू नका. पुढच्या बुधवारी किंवा तुमच्या उपकेंद्राचा जो वार असेल त्या दिवशी नवरा-बायको दोघे मिळून जा आणि हात पुढे करा. बाया घरातल्या सगळ्यांची काळजी करतात आणि स्वतःचा दाब कधीच मोजत नाहीत, म्हणून दोघे म्हणतो.

आमच्या घरी आता मिठाचा पुडा छत्तीस दिवस पुरतो. चाळिसाला अजून चार दिवस कमी आहेत. आखाजीला मामा-मामी येणार आहेत, तोवर ते चार दिवस भरून काढायचे असे मंडळींनी ठरवले आहे.